निताच्या टेबलावर कुंकवाचं पानी

मंगरूळपीरच्या बस स्टँडमागं माहं शिलाईचं दुकान हाये. सोजरबाई कोठी बसते, असं कोनालेबी इचारा. लोक दुकान दाखवतीन अन् वरतून सांगतीन, जरा सांभाळून बोलजा म्हून. माह्या जिभेची ख्याती हाये, मी काही लपवत नाई. ब्लाउज वेळेवर देते अन् कोनाची खोटी तारीफ करत नाई. पन आज माहं नाई सांगायचं. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात निता राठोड बसते, तिचं सांगायचं हाये. लोक तिले मोबाइलवाली म्हनतात. या शब्दाची मले भारी चीड हाये. मोबाइलवाले या गावात पायलीचे पन्नास. त्या पन्नासायनं हात टेकले की मंग त्या वस्तूच्या आतलं बोर्ड निताच्या टेबलावर येते. लॅपटॉप म्हना, टीव्ही म्हना, दवाखान्यातलं मशीन म्हना. रिसोडवरून जीपवाल्याच्या हाती लोक डबे पाठवतात, वर चिठ्ठी: "कोनाच्यानं झालं नाई, पाहा."

निता तांड्यावरची. बाप सेवादास, माय गोमतीबाई. दरसाल दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीले जातात अन् उन्हाळा तापला की वापस येतात. चौदा वर्साची होईपर्यंत निताबी त्यायच्या मागं जात होती. डाव्या अंगठ्यावर कोयत्याची खून हाये तिच्या. तठी फडावर एकदा मुकादमाचा मोबाइल पान्यात पडला. सगळे म्हनले, गेला. हिनं तो खोलला, दाताच्या बुरशानं आतून साफ केला, अन् चुलीपासून हातभर दूर दोन दिवस वाळत ठेवला. चालू झाला! मंग काय, पुऱ्या टोळीचे मोबाइल हिच्याच खोपीत. बारावी झाल्यावर पुण्याले लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात लागली. पह्यलं वर्ष झाडू माराले अन् पार्सल बांधाले गेलं. चौथ्या वर्सी त्या दुकानाचा उस्ताद सोता अडला की हिले हाक मारे. मायची कंबर धरली म्हून वापस आली, नाई तं तठीच राह्यली असती.

माह्या दुकानात ती आली त्याले चार वर्सं झाली. माहे मालक पँटी शिवत, ते वारल्यावर अर्धं दुकान रिकामंच पडलं होतं. टेबलापुरती जागा मागाले आली. मी तिले वरून खालपर्यंत पाह्यलं अन् म्हटलं, बाईमानूस अन् बोर्ड जाळत बसनार? माह्या मशीनची मोटर चार दिवसांपासून अडकत होती, निता तिच्याखाली बसली अन् दहा मिन्टात नीट करून उठली. मी म्हटलं, आन तुहं टेबल.

पह्यले सहा महिने आमचं रोज भांडन. तिच्या फ्लक्सचा, म्हंजे कथील जोडताना लावायच्या चिकट मलमाचा, धूर माह्या नाकात, माह्या कापडाचे धागे तिच्या बोर्डात. मंग हळूहळू जमलं. आता दुपारी आमी एका ताटात जेवतो. तिच्या तांड्यावरून ज्वारीची भाकर येते, माहं पिठलं. मले लेकरू नाई. ही पोरगी दोन दिवस नाई आली तं दुकान खायले उठते. हे आधीच सांगून ठेवते, कारन पुढं मी जे केलं ते याच्याच पायी केलं.

तिची अट एकच होती, पह्यल्याच दिवशी सांगतलेली. माह्या टेबलाले हात लावायचा नाई. फडकं मारायचं नाई, वस्तू सरकवायची नाई. मी म्हटलं, तुह्या टेबलात काय सोनं हाये का? पन पाळली मी अट. चार वर्सं पाळली.

यंदा दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी वैभवी आली. इंझोरीच्या अलीकडं फाट्यावरून आत एक गाव हाये. नाव नाई सांगत, कारन तिचे वडील दौलतराव अजून माह्या दुकानात येऊन बसतात. घरची भरपूर शेती, सोयाबीन अन् तूर. वैभवी एकोनीस वर्साची. तिच्या पिशवीत गेमचा डबा होता, टीव्हीले लावून खेळायचा, मामानं घेऊन देलेला. डबा सुरू होते, दहा मिन्टात चित्र फाटते अन् बंद पडते. मी माह्या सवयीनं बोलून गेली, बाई, खेळनं बंद पडलं तं बरंच झालं, आता जरा पुस्तकं उघड. पोरीच्या डोळ्यात टचकन पानी आलं. मंग निता माह्यावर खेकसली अन् पोरीले बसायले स्टूल देलं.

गोष्ट अशी होती. त्या गेममंदी चौकोनी इटा मिळतात, एकावर एक रचायच्या अन् जे मनात येईन ते बांधायचं. वैभवीनं चार वर्सांत त्याच्यात सोताचं गाव बांधलं होतं. सगळं. गल्ल्या पावलानं मोजून, इहिरीच्या पायऱ्या गनून, शाळेची टिनं, मारोतीचा पार, वडिलायचा गोठा, गोठ्यातल्या बैलाच्या दावनीसुद्धा. पुण्याच्या एका संस्थेत गेम बनवायचं शिकवतात. तठी एक जागा फुकटची होती, अन् हिनं पाठवलेले फोटो पाहून त्यायनं हिले दसऱ्यानंतरच्या सोमवारी बोलावलं होतं. फोटो नाई चालत म्हने, डबा घेऊन ये अन् आमाले तुह्या गावातून फिरवून आन. दौलतराव हो म्हनले होते, पन एकदाच. जमलं तं ठीक, नाई तं पुण्याचं नाव पुन्हा काढायचं नाई. अन् ते गाव त्या एका डब्याबिगर दुसरीकडं कोठीच नोतं.

मी इचारलं, तं मंग त्यातली मेमरी काढून दुसऱ्या डब्यात टाक ना. निता म्हने, तसं होत नाई. मेमरीले कुलूप हाये अन् त्याची किल्ली याच बोर्डाच्या मेन चिपमंदी हाये. चिप मेली तं गाव गेलं. वैभवीले ते आधीच मालूम होतं. तिनं फक्त मान हलवली.

खराबी चिपच्या खाली निघाली. मेन चिप बोर्डावर तारेनं नसते बसवलेली. तिच्या पोटाखाली कथलाचे बारीक बारीक गोळे असतात, खसखशीहून बारीक, हजाराच्या वर. डबा रोज तापते, रोज थंड होते, अन् एखाद्या गोळ्याले चीर जाते. मंग चिप उचलायची, जुनं कथील पुसून काढायचं, गोळ्याएवढ्या छेदाची जाळी वर ठेवायची, एका एका छेदात नवा गोळा बसवायचा, तापवून चिकटवायचा, अन् मंग सगळी चिप जशीच्या तशी बोर्डावर टेकवून पुन्हा तापवायची. त्याले रिबॉलिंग म्हनतात. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. सोमवार-मंगळवार दोन्ही दिवस निता बारीक वस्तू मोठी दाखवनाऱ्या दुर्बिणीत वाकून होती, जेवनाचं भान नोतं तिले. बोर्डाच्या उलट्या अंगाले, चिपच्या बरोबर पाठीमागं, तिळाएवढे कपॅसिटर असतात, ते आगीनं उडू नाई म्हून तिनं त्यावर आग सोसनारी तपकिरी-पिवळी टेप लावली अन् ती तशीच राहू देली. बुधवारी डबा दिवसभर चालला. चित्र एकदाबी फाटलं नाई. संध्याकाळी दसऱ्यासाठी तांड्यावर जाता जाता मले म्हने, मावशी, आराम मोडमंदी ठेवला हाये, पिवळा दिवा लागून राहू द्या. शुक्रवारी वैभवी घेऊन जाईन.

आता दसऱ्याचं ऐका.

दसऱ्याले हत्याराची पूजा. मी दुकान झाडलं, मशीन पुसलं, कैची, टेप, इस्त्री वळीनं मांडली. हळद, कुंकू, झेंडू. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाई, त्याले आराम. निता दरसाल आपल्या वीज तपासायच्या मीटरवर सोताच एक फूल ठेवे. यंदा ती नोती. तिचं टेबल सनासुदीच्या दिवशी बोडकं दिसत होतं, अन् मले काही ते पाहवलं नाई. म्हटलं, पोरीच्या हत्याराले पूजनारं कोन हाये अठी, मीच ना? दुर्बिणीले टिक्का लावला, गरम हवेच्या मशीनले लावला. मंग त्या डब्याकडं पाह्यलं. पिवळा दिवा लागून राह्यला होता. या डब्यानं माह्या पोरीचा आठ दिवस जीव खाल्ला होता. म्हटलं, याले जरा जास्त पाह्यजे. झेंडूचं फूल हळद-कुंकवाच्या पान्यात बुडवलं अन् तीनदा शिंपडलं. भक्तीनं शिंपडलं, कंजुषी केली नाई. डब्याच्या वरच्या अंगाले हवेची जाळी हाये, हे मले दिसत होतं. दिसूनबी समजलं नाई.

दिवा एकदा फडफडला अन् इझला.

मी झटकन प्लग ओढला, अस्तराचा तुकडा घेऊन डबा वरून कोरडा केला, कुंकू पुसलं, फूल उचललं. मंग सोताले समजावलं, की बटन बंद झालं असंन, वाळलं की लागंन. अन् घरी गेली. सोनं द्यायले शेजारचे आले, त्यायच्याशी गोड बोलली, पन कोन काय म्हनलं ते एकाचंबी आठवत नाई.

शुक्रवारी निता दहाले आली. बटन दाबलं. काही नाई. पुन्हा दाबलं. वायर बदलली. मी मशीनच्या सुईत दोरा ओवत होती, अन् दोरा काही ओवल्या जात नोता.

"मावशी, काल लाइट कमीजास्त झालती का?"

"झाली असंन," मी म्हटलं. "मले काय मालूम."

तुमी हात लावला का, असं तिनं इचारलंच नाई. चार वर्सांच्या भरोशानं तिच्या मनात ते आलंच नाई. इचारलं असतं तं कदाचित मी बोलली असती, असं मी नंतर सोताले लय वेळा सांगतलं. खोटं हाये ते. मी घाबरली होती. वाटलं, ही पोरगी आता टेबल उचलून चालली जाईन.

तिनं डबा खोलला. मीटरच्या दोन सुया बोर्डाले लावल्या अन् मीटर ओरडायले लागला. शॉर्ट. म्हंजे वीज जिकडं जायची तिकडं न जाता मधूनच वाट काढून पळून जाते. तिनं बाहेरून थोडीशी वीज सोडली अन् बोर्डावर स्पिरिट ओतलं. जठी शॉर्ट असते तठी बोर्ड तापते अन् स्पिरिट पह्यले वाळते. ते वाळलं नेमकं चिपच्या भवती. निताच्या तोंडावरचा रंग उतरला. मंग तिले बोर्डाच्या कडेले पिवळट डाग दिसला. बोटानं घासून पाह्यला.

"फ्लक्स धुवायचा राह्यला माह्यानं," ती म्हने. "अशी कशी आंधळी झाली मी?"

ती माही हळद होती. मी तठीच बसली होती, चार हातावर, अन् मी तोंड उघडलं नाई.

तिनं हिशोब लावला तो तिच्या परीनं बरोबरच होता. चिप आपनच बसवली, शॉर्ट चिपखालीच हाये, फ्लक्सबी राह्यला. म्हंजे बसवताना हात हालला अन् दोन गोळे एकमेकात मिसळले. बारा वाजता वैभवी आली तवा निता तिले सरळ म्हनाली, माह्या हातची चूक दिसते, मले उद्यापर्यंत वेळ पाह्यजे. वैभवीची गाडी शनिवारी संध्याकाळी सहाची होती. पोरगी दुकानाच्या पायरीवर बसून राह्यली, बराच वेळ, पिशवी मांडीवर घेऊन. मंग उठली अन् म्हने, ताई, गाव राहीन ना? निता म्हने, मले मालूम नाई. खोटं बोलायची तिले सवय नाई.

दुपारी तिनं पुण्याच्या उस्तादाले फोन लावला. स्पीकरवर होता, मी ऐकलं. तो म्हने, या चिपनं तीनदा आग सोसली हाये. आता पुन्हा उचलशीन, पुन्हा गोळे, पुन्हा बसवशीन, म्हंजे आनखी तीनदा. वाचली तं नशीब. दुसरा रस्ता असंन तं पाह्य. निता दुसरा रस्ता शोधत राह्यली. वरच्या बाजूचा एक एक कपॅसिटर काढला, मीटर लावला, पुन्हा बसवला. मीटर ओरडतच होता. मंग तिनं एक मेलेलं बोर्ड काढलं अन् त्याच्यावर चिप उचलायची तालीम केली. चिमटा धरलेला तिचा हात थरथरत होता. चार वर्सांत मी तो हात कधी थरथरताना पाह्यला नोता. हात खाली ठेवे, त्याच्याकडं पाहे, अन् पुन्हा उचले. संध्याकाळी मले म्हने, मावशी, मी पुण्यातच राह्यली असती तं बरं झालं असतं, अठी येऊन माहा हात गेला. मी म्हटलं, असं बोलू नको. एवढंच म्हटलं! खाई त्याले खवखवे म्हनतात, माहं पूर्न अंग खवखवत होतं, अन् मी एवढंच म्हटलं.

शनिवारी अकराले तिनं सगळं मांडलं. इन्व्हर्टर लावला, म्हंजे मधात लाइट गेली तरी आग थांबू नाई. शटर अर्धं ओढलं, वारा नको म्हून. पंखा बंद. बोर्ड खालच्या हिटर प्लेटवर ठेवलं, वर गरम हवेची नळी, अन् बोर्डाले चिकटवलेल्या तारेतून गरमीचा आकडा दिसत होता. मले म्हने, मावशी, मशीन चालवू नका, टेबल हालते. मी हात मांडीवर ठेवून बसली.

आकडा चढायले लागला. साठ. ऐंशी. निताच्या कपाळावर घाम, पन पुसायले तिचा एक हात मोकळा नोता. शंभर. दोनशेच्या जवळ गेलं की कथील पातळ होते, तवा चिप उचलायची, त्याच्या आधी नाई अन् नंतर नाई, हे मले इतक्या वर्सांत समजलं होतं. म्हंजे मले माहा वेळ मालूम होता. एकशे वीस. मनात म्हटलं, कदाचित खरंच तिचीच चूक असंन, कदाचित माह्या पान्यानं काहीच झालं नसंन. एकशे चाळीस. फ्लक्सचा धूर निघाला. तिनं चिमटा उचलला, हात पुन्हा थरथरला, तिनं दात ओठावर दाबले. एकशे पंचावन्न.

"निता, बंद कर."

तिनं माह्याकडं पाह्यलं नाई.

"बंद कर ते. दसऱ्याले मी त्या डब्यावर पानी शिंपडलं. हळद-कुंकवाचं. दिवा लागला होता, तो माह्या डोळ्यासमोर इझला."

तिचा हात बटनावर गेला. हवा थांबली. आकडा एकशे त्रेसष्टवर जाऊन थबकला अन् खाली यायले लागला. बाहेर एसटीचा कंडक्टर वाशीम वाशीम करून ओरडत होता.

मले वाटलं, आता ही चिडंन, चिमटा फेकंन. तिनं फक्त इचारलं, कोठून पडलं, कितीक पडलं. मी दाखवलं, या जाळीतून, तीनदा. तिनं डोळे मिटले अन् मनातल्या मनात डबा उलटा करून पाह्यला. डब्यात बोर्ड पालथं बसते म्हने. वरून पडलेलं पानी चिपवर नाई पडत, तिच्या पाठीवर पडते. पाठीवर टेप हाये. निता म्हने, ती टेप मी सोता लावली, म्हून खालून पाह्यलंच नाई.

बोर्ड थंड व्हायले अर्धा तास गेला. मंग तिनं बोर्ड पालथं केलं अन् टेपचं एक टोक चिमट्यानं उचललं. पिवळ्या टेपखाली माही हळद दिसलीच नोती कोनाले. टेप निघाली तवा खाली लालसर खपली होती, कपॅसिटरच्या दोन वळीच्या मधात, वाळून घट्ट झालेली. कुंकू. पान्यानं टेपच्या काठाखालून आत वाट काढली होती, अन् वीज सुरू होती म्हून ते तठीच जळलं होतं. निता दुर्बिणीत वाकली. स्पिरिट अन् बुरूस घेऊन खपली काढली. मीटर लावला. अजून ओरडत होता. तिनं एका एका तिळाले सुई टेकवली, अन् पाचव्याजवळ थांबली. त्याले मधात चीर होती. तो उचलला, बाजूले ठेवला, पुन्हा मीटर लावला.

मीटर गप.

मेलेल्या बोर्डावरचा एक कपॅसिटर काढून तिनं त्या जागी बसवला. तवा तिचा हात हालला नाई. सगळं जोडलं, माह्या दुकानातल्या छोट्या टीव्हीले वायर लावली अन् बटन दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, अन् बराच वेळ पडदा काळाच राह्यला. मी मारोतीले नारळ बोलली, आईशपथ सांगते. मंग पडद्यावर गाव आलं. पार आला, इहीर आली, शाळेची टिनं आली. निता बटनं दाबून त्या गल्ल्यांतून फिरली, सगळी घरं हायेत का ते पाहत, शेवटच्या गोठ्यापर्यंत गेली अन् वापस आली. मी खुर्चीतून उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं खांदा काढून घेतला नाई, पन वळूनबी पाह्यलं नाई.

तासभर चालवून तिनं डबा बंद केला. चार वाजता वैभवी अन् दौलतराव आले. सोयाबीनची सोंगनी अर्धी टाकून आले होते, पायाले माती तशीच, अन् डोकं तापलेलं. पोरगी रातभर झोपली नाई, असं म्हनत त्यायनं निताले धरलंच. हात बसला नसंन तं लोकायच्या वस्तूवर शिकू नाई. पुण्यात झाडू मारला म्हून कोनी कारागीर होत नाई. वैभवी त्यायची बाही ओढत होती. निता खाली मान घालून डब्याचे स्क्रू कसत होती. एकबी शब्द बोलली नाई, माह्याकडं पाह्यलंबी नाई, अन् तेच मले सहन झालं नाई.

"दौलतराव, तिच्या हातून काही झालं नाई. दसऱ्याची पूजा मी केली. पानी मी शिंपडलं, अन् कालपासून लपवूनबी मीच ठेवलं."

दौलतरावायच्या तोंडावरचा ताव असा उतरला, की मलेच लाज वाटली. अहो सोजरबाई, म्हने, तुमी भक्तीनं केलं, देवाचं काम, त्याच्यात चूक कशाची? होते असं. अन् चहा मागवा म्हनले. एक क्षन आधी जी चूक निताच्या मानेवर बसली होती, ती माह्या नावावर आली तं चूकच राह्यली नाई. निताले ते एवढंबी बोलले नाई की पोरी, मी उगाच बोललो. मले म्हनायचं होतं, तिले माफी मागा. पन मी कोन्या तोंडानं म्हनू?

वैभवीनं मात्र निताचा उजवा हात आपल्या दोन्ही हातात घेतला, थोडा वेळ धरला, अन् डबा छातीशी घेऊन गाडीकडं गेली. सोमवारी त्या लोकायले तिनं आपल्या गावातून फिरवून आनलं. जागा तिलेच मिळाली. आता ती पुण्याले हाये.

पन मी त्या शनिवारचं सांगून राह्यली. ते गेले, चहाचे कप राह्यले. निता टेबल आवरत होती. हिटर प्लेट पुसली, चिमटे वळीनं ठेवले, कुंकवाची ती खपली कागदात गोळा करून टोपलीत टाकली. मी म्हटलं, आता तरी बोल माह्याशी. त्यायच्यासमोर सांगतलं ना मी सगळं. आनखी काय करू? अन् माहा आवाज चढला, जसा नेहमी चढते. तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पान्याचा राग नाई मले, मावशी. पानी कोनाच्याबी हातून पडते. पन दोन दिवस मी माह्या हाताकडं पाहत बसली होती, हा हात गेला म्हून. अन् तुमी समोर बसून ते पाहत होत्या."

तिचा आवाज चढला नोता. मी म्हटलं, चुकली मी, निता.

"हो," ती म्हने, अन् दुसरं बोर्ड ओढून त्याले मीटर लावला.